ऑर्डरची वेळ बरोब्बर २३ मिनिटं २८ सेकंद मागे का दिसते? (गो भाषा, टाइम पॅकेज)

सराफा_टोकन

इंदूरच्या सराफ्यातल्या (रात्रीचा खाऊबाजार) एका खाऊच्या दुकानासाठी टोकनची छोटी प्रणाली आहे. रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसतं "पाय"), गो १.२१, डेटाबेस एसक्यूलाइट. काउंटरवरच्या यंत्रातून ऑर्डर येते तेव्हा सोबत फक्त घड्याळाची वेळ येते, "११:४५ पीएम" अशी. तारीख येत नाही. (फंक्शनची नावं खाली देवनागरीतच लिहितो आहे, उच्चारावरून ओळखून घ्या.)

सध्याची वाट अशी: टाइम.पार्सइनलोकेशनला लेआउट (वेळ कशी लिहिली आहे त्याचा नमुना) "०३:०४ पीएम" आणि लोकेशन "आशिया/कोलकाता" द्यायचं, मिळालेली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलायची, आणि तास-मिनिट-सेकंद एवढाच मजकूर डेटाबेसात ठेवायचा. पडद्यावर दाखवताना तोच मजकूर यूटीसी समजून वाचायचा, आजची तारीख जोडायची आणि भारतीय वेळेत दाखवायचा.

अडचणी चार:

१. ११:४५ ची ऑर्डर पडद्यावर ११:२१:३२ दिसते. फरक दर वेळी तेवढाच, २३ मिनिटं २८ सेकंद. पायवर तसंच, लॅपटॉपवरही तसंच. टाइमडेटसीटीएल आशिया/कोलकाता दाखवतं, एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे.

२. रात्री बारानंतर "तयार होण्याची वेळ" असलेल्या टोकनचा इशारा ऑर्डर येताक्षणीच वाजतो.

३. गर्दीच्या रात्री काही टोकनचा इशारा वाजतच नाही. मंगळवारसारख्या निवांत दिवशी सगळं ठीक. इशारा फॉर-सिलेक्टच्या (अनेक निरोपांची एकत्र वाट बघणाऱ्या) लूपमध्ये टाइम.आफ्टर(१२ मिनिटं) लिहून केला आहे. त्याच सिलेक्टमध्ये यंत्राची दर सेकंदाची हजेरीही येते.

४. वीज जाऊन आल्यावर उरलेली टोकनं कधी एकदम वाजतात, कधी तासभर गप्प राहतात.

---

जेल_रोड

पहिल्याबद्दल अंदाज सांगतो. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक म्हणजे रेखांशाचा मामला वाटतो. प्रमाणवेळ ८२.५ अंशावरची, मिर्झापूरजवळची. इंदूर तिच्या बरंच पश्चिमेला. कुठेतरी स्थानिक वेळ घुसत नाहीये ना? बाकीच्यांवर जाणकार बोलतील.

---

पाच_तीस

जेल_रोड भाऊंनी दार बरोबर ठोठावलंय, घर चुकलंय. इंदूर साधारण ७५ अंश ५२ मिनिटांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर इथला सूर्य प्रमाणवेळेच्या साडेसव्वीस मिनिटं मागे येतो, २३ नाही. शिवाय इंदूर प्रमाणवेळेच्या मागे आहे. इथली चूक उलट्या दिशेची आहे, कोणीतरी प्रमाणवेळेच्या *पुढे* आहे. ८८ अंश २२ मिनिटं घ्या आणि ४ ने गुणा: ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. त्यातून साडेपाच तास वजा करा. उरले २३ मिनिटं २८ सेकंद. हा आकडा कोलकात्याचा आहे.

तो तुमच्या टोकनात आला कसा, ते असं. टाइम.पार्सला जो भाग मिळत नाही तो तो शून्य धरतो, आणि शून्य चालत नसेल तिथे एक. म्हणजे नुसती "११:४५ पीएम" दिलीत की हाती येते ती वर्ष ०, १ जानेवारीची रात्र. पार्सइनलोकेशन मग टाइमझोनच्या माहितीत बघतं की त्या काळी आशिया/कोलकाताचा फरक किती होता. प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला. त्याआधीच्या नोंदींमध्ये मद्रासची ५:२१:१०, हावड्याची ५:५३:२० आणि सगळ्यात जुनी म्हणजे कोलकात्याची स्थानिक ५:५३:२८. वर्ष शून्याला हीच लागू होते. ११:४५ मधून ५:५३:२८ गेले की यूटीसी १७:५१:३२. परत येताना तुम्ही आजची तारीख जोडता, तेव्हा साडेपाचच मिळवले जातात. २३:२१:३२. लायब्ररी अगदी चोख वागते आहे, तिला विचारलेला प्रश्नच अठराशे चोपन्नच्या आधीचा आहे.

खात्री करायची तर पार्स झालेली वेळ यूटीसीत न बदलता पूर्ण छापून बघा. शेवटी +०५५३ आणि एलएमटी (स्थानिक सरासरी वेळ) दिसेल.

पायथॉनमध्ये हेच भूत वेगळ्या दारातून येतं. पायटीझेड या लायब्ररीचा टाइमझोन डेटटाइमच्या टीझेडइन्फोमध्ये थेट कोंबला की +५:५३ मिळतो. तिथे लोकलाइझ वापरायचं, किंवा ३.९ पासून असलेलं झोनइन्फो.

आता इलाज. तात्पुरता हवा असेल तर लोकेशनच्या जागी टाइम.फिक्स्डझोन, नाव "आयएसटी", फरक १९८०० सेकंद. त्याला इतिहास नाही, म्हणून वर्ष शून्यालाही साडेपाचच. भारतात उन्हाळी वेळ नाही आणि घड्याळ शेवटचं हललं ते १९४५ मध्ये युद्धकाळाची +६:३० संपली तेव्हा, त्यामुळे चालू व्यवहारासाठी फिक्स्डझोन धोक्याचा नाही. पण खरा दोष वेगळाच आहे: तारीख नसलेली वेळ म्हणजे टाइम.टाइम नव्हे. पार्स झाल्या झाल्या तिच्यातून तास आणि मिनिट काढा, टाइम.डेटला आजचं वर्ष-महिना-दिवस देऊन नवी वेळ बांधा आणि डेटाबेसात *पूर्ण* क्षण ठेवा. युनिक्स सेकंद किंवा आरएफसी ३३३९ (तारीख-वेळ लिहिण्याची प्रमाण पद्धत) मधला मजकूर, दोन्ही चालतात. नुसता तास-मिनिट-सेकंद ठेवू नका.

दुसरी अडचण याच पोटातली. ११:५१ ला ऑर्डर, तयार होणार १२:०३ ला. "१२:०३ एएम" ला आजची तारीख लावलीत की ती पावणेचोवीस तास मागची झाली. टायमरला ऋण अवधी गेला की तो लगेच वाजतो, तक्रार करत नाही. (टिकर, म्हणजे ठराविक अंतराने ठोके देणारा, मात्र शून्य किंवा ऋण अवधीला पॅनिक करतो, प्रोग्रामच पाडतो. टायमरनेही केलं असतं तर हा प्रश्न पहिल्याच रात्री सापडला असता.) आजची तारीख डोळे मिटून लावू नका, आत्ताच्या जवळची लावा: बांधलेली वेळ आत्तापेक्षा १२ तासांहून जास्त मागे असेल तर ॲडडेटने एक दिवस पुढे, १२ तासांहून जास्त पुढे असेल तर एक दिवस मागे. दुसरी बाजूही लागतेच, कारण ११:५८ ला दाबलेली ऑर्डर १२:०१ ला पोचू शकते. आणि यंत्राचा प्रोग्राम बदलणं हातात असेल तर त्याला "तयार होण्याची वेळ" पाठवूच देऊ नका, "७२० सेकंद" पाठवू द्या.

हिशोबाच्या दिवसाबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. रोजची विक्री काढायला टाइमवर ट्रंकेट(२४ तास) वापरू नका. ते यूटीसीच्या मध्यरात्रीला कापतं, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. सराफ्याला ते योगायोगाने चालून जातं, रात्री दोनची विक्री आदल्या तारखेत पडते आणि मालक खूश. तोच प्रोग्राम पहाटे पाचला पोहे लावणाऱ्याला दिला की त्याची पहिली अर्ध्या तासाची विक्री कालच्या खात्यात. उघडपणे लिहा: भारतीय वेळेतून ५ तास वजा करून उरलेली तारीख म्हणजे धंद्याचा दिवस. ५ हा आकडा दुकानागणिक बदलता ठेवा.

---

रामबाग_गोफर

तिसऱ्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: "त्याच सिलेक्टमध्ये यंत्राची हजेरीही येते".

टाइम.आफ्टर हे फंक्शन आहे, आणि लूपच्या प्रत्येक फेरीत सिलेक्टपाशी आलं की ते पुन्हा बोलावलं जातं. नवा टायमर, नवी बारा मिनिटं. हजेरी आली, फेरी संपली, पुढच्या फेरीत पुन्हा बारा मिनिटं पहिल्यापासून. दर सेकंदाला निरोप येत असेल तर बारा मिनिटं कधीच भरत नाहीत. निवांत दिवशी यंत्र झोपतं, हजेरी थांबते, तेव्हा इशारा वाजतो. म्हणून मंगळवार शहाणा वाटतो.

याच रचनेबद्दल मेमरी गळते अशी ओरड नेहमी ऐकू येते. १.२३ च्या आधी न वाजलेला टायमर कचरा म्हणून उचलला जात नसे हे खरं, पण वाजल्यावर सुटतोच. तुमच्याकडे एका वेळी ७२० टायमर लटकलेले, म्हणजे काहीशे केबीच्या आसपास, आणि तिथेच थांबणार. पायला त्याचं काही वाटत नाही. न वाजणारा इशारा ही खरी चूक आहे, आधी ती काढा.

दोन रस्ते. टोकनं दोन-चारच असतील तर लूपच्या *बाहेर* एकदा टाइम.न्यूटायमर बनवा आणि सिलेक्टमध्ये त्याचं सी चॅनेल ऐका. टोकनं शेकड्यांत असतील तर प्रत्येकाला एक टाइम.आफ्टरफंक द्या आणि टोकन क्रमांकावरून टायमर सापडेल असा मॅप ठेवा. हजार टायमर गो रनटाइमला काहीच नाहीत, आतमध्ये ते हीपवर रचलेले असतात. आफ्टरफंकमध्ये दोन गोष्टी नेमक्या चुकतात:

- फंक्शन स्वतःच्या गोरूटीनमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) चालतं. मॅपला हात लावायचा तर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हवाच.
- स्टॉप हा फंक्शन संपेपर्यंत थांबत नाही. ऑर्डर दिली म्हणून स्टॉप केलंत, त्याने फॉल्स दिलं, याचा अर्थ फंक्शन बहुधा सुटलेलंच आहे. म्हणून फंक्शनच्या आत म्युटेक्स घेतल्यावर टोकनची स्थिती पुन्हा तपासा. "दिली" असेल तर गुपचूप परत या. ही एक ओळ विसरली की गिऱ्हाइकाच्या हातात गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट असताना त्याचा नंबर पुकारला जातो.

टायमर रीसेट करायचा असेल आणि १.२३ च्या खाली असाल, तर आधी स्टॉप, त्याने फॉल्स दिलं आणि चॅनेल अजून वाचलेलं नसेल तर चॅनेल रिकामं करा, मगच रीसेट. नाहीतर जुना ठोका नव्याचा म्हणून मिळतो. १.२३ पासून ही कटकट गेली, पण एक मेख आहे: नवं वागणं नुसता कंपायलर बदलून येत नाही. मुख्य मॉड्यूलच्या गो.मॉड फाइलमधली गो ओळ १.२३.० किंवा वरची हवी. आणि लेन(टायमर.सी) बघून "वाजला का" ठरवणारा कोड असेल तर तो काढा, आता तिथे कायम शून्य मिळतं.

पडद्यावर उलटी गणती दाखवत असाल तर टिकरचे ठोके मोजू नका. ऐकणारा मागे पडला की टिकर ठोके गाळतो. प्रत्येक ठोक्याला टाइम.अन्टिल(मुदत) पुन्हा काढा. आणि ते दाखवताना सेकंदाला ट्रंकेट न करता राउंड करा. ट्रंकेट केलं की १२:०० दिसतच नाही, पहिल्याच ठोक्याला ११:५९ (कारण उरलेत ११ मिनिटं ५९.९९ सेकंद), आणि शेवटी ०:०० दिसल्यावर पूर्ण सेकंदभर काही वाजत नाही. काउंटरवरची मंडळी तेवढ्यात बटण दाबतात.

---

दौलतगंज_हार्डवेअर

चौथ्याबद्दल. पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली, आली, की तो शेवटची साठवलेली वेळ घेऊन उठतो, आणि नेट मिळालं की एनटीपी त्याला एका उडीत खऱ्या वेळेवर आणतं. मधल्या काळात तुमचा प्रोग्राम उठून डेटाबेसातल्या मुदती वाचतो.

घड्याळ मागे असताना मुदती वाचल्या तर टाइम.अन्टिल फुगलेलं येतं: चाळीस मिनिटं मागे असेल तर बारा मिनिटांचं टोकन बावन्न मिनिटांचं होतं. त्यानंतर एनटीपीने वेळ सुधारली तरी टायमर सुधारत नाही, कारण गोचे टायमर मोनोटॉनिक (फक्त पुढे मोजत जाणाऱ्या) घड्याळावर चालतात, भिंतीवरच्या नाही. एरवी हा गुण आहे (१.९ पासून टाइम.नाऊ दोन्ही घड्याळं सोबत ठेवतो, म्हणून टाइम.सिन्स एनटीपीच्या उडीने बिघडत नाही). पण डेटाबेसात गेलेल्या वेळेसोबत मोनोटॉनिक भाग जात नाही, जाऊन उपयोगही नाही, यंत्र पुन्हा सुरू झालं की तो नव्याने मोजला जातो. इन, लोकल, यूटीसी, राउंड, ट्रंकेट, ॲडडेट हे सगळे तो भाग पुसतात हेही लक्षात असू द्या. अवधी मोजायचा असेल तर टाइम.नाऊची मूळ प्रत ठेवा, यूटीसी केलेली नको. दोन वेळा सारख्या आहेत का हे == ने नाही, इक्वलने तपासा, कारण == मोनोटॉनिक भाग आणि लोकेशनही जुळवायला बघतो.

सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणारी प्रणाली) टाइम-वेट-सिंक ही सेवा चालू करून आपला प्रोग्राम टाइम-सिंक टार्गेटनंतर लावता येतो. नेट नसेल तर मात्र दुकान उघडूनही प्रोग्राम वाट बघत बसेल. सराफ्याच्या गल्लीत वीज आली तरी राउटर उठायला वेळ घेतो, हा रस्ता मला पटत नाही.

डीएस३२३१ चं मॉड्यूल (सेलवर चालणारं घड्याळ) लावा. आय-टू-सीवर (चिपा जोडण्याची पद्धत) चार तारा, पत्ता ०एक्स६८, कॉन्फिग फाइलमध्ये आय२सी-आरटीसी हा ओव्हरले डीएस३२३१ पर्यायासह. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये चूक दहा लाखांत २, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. ४० च्या वर ३.५ पर्यंत जाते. मे महिन्यात कढईशेजारी ठेवलंत तरी तुमच्या कामाला पुरून उरतं. डीएस१३०७ स्वस्त आहे पण त्यात तापमानाची भरपाई नाही, तो घेऊ नका.

जोडणी ३.३ व्होल्टच्या पिनवर करा, ५ वर *नाही*. मॉड्यूलवरचे पुल-अप रोधक आय-टू-सीच्या तारांवर ५ व्होल्ट आणतात आणि पायच्या पिना ३.३ च्या आहेत. दुसरं, निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा एक डायोड-रोधक असतो, तो रीचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी. बाजारात मिळणारा सीआर२०३२ रीचार्ज होत नाही, ५ व्होल्टवर तो फुगतो. ३.३ वर डायोडनंतर २.७ च्या आसपासच उरतात, ३ व्होल्टच्या सेलमध्ये काही जात नाही. तरी तो रोधक काढून टाकलात तर उत्तम.

आणि मुदत वाचल्यावर अक्कल लावा: उरलेला वेळ टोकनच्या मूळ अवधीपेक्षा जास्त येत असेल तर घड्याळ खोटं बोलतंय. तिथे टायमर लावू नका, दर ५ सेकंदांनी पुन्हा तपासा.

---

सराफा_टोकन

सगळ्यांचे आभार. छापून बघितलं, खरंच +०५५३ एलएमटी. फिक्स्डझोन आणि पूर्ण क्षण साठवणं दोन्ही केलं, वेळ बरोबर येते. लूपही बदलला. ताईंना (रामबाग_गोफर) विचारायचं होतं, दोन गोष्टी उरल्या. सेटिंगच्या पानावर मालक "१५" टाइप करतात ते स्वीकारलं जात नाही, "इनव्हॅलिड सिंटॅक्स" येतं. आणि पेमेंटच्या नोंदी क्लाउडवरच्या सर्व्हरवर वाचल्या की साडेपाच तास चुकतात, लॅपटॉपवर तोच कोड बरोबर.

---

रामबाग_गोफर

मालक मराठी कीबोर्डवरून टाइप करत असणार. स्ट्रकॉनव्ह.एटॉइला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) फक्त इंग्रजी अंक कळतात. युनिकोड.इजडिजिट त्याच "१५" ला हो म्हणतो, म्हणून तुमची आधीची तपासणी पास होते आणि पुढे आपटते. देवनागरी शून्य यू+०९६६ ला आहे आणि नऊ यू+०९६एफ ला, क्रमाने. प्रत्येक अक्षर या पट्ट्यात असेल तर त्यातून ०९६६ वजा करून इंग्रजी शून्याचा कोड मिळवा, मग एटॉइ. (पायथॉनचा इंट "१५" सरळ घेतो, त्यामुळे तिकडून आलेल्यांना हे हटकून चावतं.)

अंक मिळाल्यावर टाइम.ड्युरेशन(१५) लिहून थांबू नका, ते १५ *नॅनोसेकंद* झाले. त्याला टाइम.मिनिटने गुणा. जेसनमधून थेट ड्युरेशनमध्ये आकडा वाचलात तरी तो नॅनोसेकंदच धरला जातो. सेटिंग मजकूर म्हणून ठेवायचं असेल तर पार्सड्युरेशन आहे: "१५एम", "१एच३०एम", "१.५एच" चालतात. मध्ये जागा सोडलेली चालत नाही, एकक नसलेला आकडा चालत नाही (एकटं शून्य सोडून), आणि दिवसाचं एकक नाहीच.

---

पाच_तीस

पेमेंटच्या नोंदीत शेवटी "आयएसटी" अशी अक्षरं असणार, +०५:३० नाही. गो हे संक्षेप फक्त *यंत्राच्या* लोकल टाइमझोनमध्ये शोधतं. लॅपटॉप कोलकात्यावर आहे, सापडतं. सर्व्हर यूटीसीवर, सापडत नाही, आणि तेव्हा गो चूक न दाखवता "आयएसटी" नावाचा, शून्य फरकाचा झोन स्वतः बनवून देतं. छापलात तर नाव अगदी खरं दिसतं, म्हणून फसायला होतं. इस्रायल आणि आयर्लंडही हीच अक्षरं वापरतात, त्यामुळे लायब्ररीकडून अंदाजाची अपेक्षा करता येत नाही. इथे पार्सइनलोकेशन आणि आशिया/कोलकाता हेच बरोबर, कारण नोंदीत पूर्ण तारीख आहे. कंटेनर रिकाम्या इमेजवर असेल तर लोडलोकेशन "अननोन टाइम झोन" म्हणेल. टाइम/टीझेडडेटा हे पॅकेज इम्पोर्ट करा, बायनरी साधारण ४५० केबीने वाढते, बस.

त्याच फाइलचा लेआउट एकदा डोळ्यांखालून घाला. दिवस-महिना-वर्ष असेल तर "०२/०१/२००६". दिवस ०२ आहे, महिना ०१. उलटं लिहिलंत तर १२ तारखेपर्यंत सगळं बिनबोभाट चालतं, आकडे चुकीचे असूनही, आणि १३ ला "मंथ आउट ऑफ रेंज". शिवाय लेआउटमध्ये मोठं पीएम लिहिलं की मजकुरातही मोठंच लागतं, "११:४५ pm" असं छोट्या अक्षरात आलं तर नापास.

बारा वाजताची चाचणी रात्री जागून करू नका. गो १.२५ मध्ये टेस्टिंग/सिंकटेस्ट आहे, त्याच्या बुडबुड्यातलं घड्याळ १ जानेवारी २००० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सुरू होतं आणि सगळी गोरूटीन अडली की उडी मारून पुढे जातं. आपल्याकडे ते पहाटे साडेपाच. आधी १८ तास स्लीप करा, साडेअकरा वाजतील. मग २१ मिनिटं, की ११:५१. आता "१२:०३ एएम" चं टोकन टाका आणि बारा मिनिटांनी वाजतंय का बघा. चाचणी क्षणात संपते.